शेवटची सुई

शुक्रवार, रात्र

आज नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गर्भ रुजला नाही. माझ्या नळ्या बंद, म्हणून टेस्ट ट्यूबचा इलाज केला. तोही वाया गेला.

सेनगावला परतताना जीपमध्ये हे म्हणाले, "बस झालं. तुला आता एकबी सुई न्हाई."

सुया हेच द्यायचे. रोज, माझ्या पोटात. सुई धरून यांचा हात बराच वेळ तसाच राहायचा. 'बस झालं' हे मायेनंच म्हणाले, कळतं मला. पण मला विचारलं का? पोट माझं ना?

भाकरी वाढताना मी बोललेच, "मला आजून एकदा करायचंय."

"काहून? किती तकलीफ सोसशील?"

"सोसते ना मी. तुमी काहून अडवून राहिले?"

ताट सरकवून हे रडायला लागले. लग्न झाल्यापासून कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मलाच सोसवत न्हाई गं. सुई घेतली की हात उचलत न्हाई."

तो हात. रोज मी पाहायचे, आणि वाटायचं, दुखतं ते फक्त मला. कशी मी?

सासूबाई दारापर्यंत आल्या, यांना रडताना पाहून मागं वळल्या.

मी यांच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, "बरं, न्हाई करायचं." हे शांत झाले.

मी खरं बोलले की खोटं, माझं मलाच कळेना.