चुडामण काकांची सनई आणि माझी बाकी मालमत्ता

॥ तापीमाय प्रसन्न ॥

मी, ललित उखर्डू महाजन, वय वर्षे सव्वीस, धंदा बँडमध्ये कीबोर्ड वाजवणे, मूळ राहणार डोईफोडिया, हल्ली मुक्काम बुधवारा, बुऱ्हाणपूर, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. छातीतली एक झडप तेवढी ठिकाणावर नाही, ती परवा शनिवारी इंदूरला बदलणार आहेत. नशापाणी केलेलं नाही. कोणाच्या दबावाखालीही लिहीत नाही, कारण दबाव आणणारा अजून यायचा आहे. आत्ता एक वीस झालेत. चारची बस आहे. त्याच्या आत हे पुरं करून दोन साक्षीदारांच्या सह्या व्हायला पाहिजेत.

कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसणाऱ्या प्रतिभाताईंनी मला तीन गोष्टी बजावल्या. एक, आपल्या हातानं लिही. दोन, खोडाखोड नको, झालीच तर ज्यानं खोडलं त्यानं बाजूला लिहून द्यायचं. तीन, ज्याला काही देऊन राह्यला त्याला साक्षीदार करू नको. "केलास तर त्याच्या वाटेचं गेलंच समज बापा. उद्या कोणी भांडायला उभं राह्यलं, तर पहिलं बोट तिथंच ठेवील." म्हणून यात फालतू काही आलं तरी ते राहील. खोडत बसायला वेळ नाही.

कलम १. डोईफोडियाच्या घरातला माझा हिस्सा आई मथुराबाई आणि बहीण निशा यांना सारखा द्यावा. सोळाव्या वर्षी मी त्या घरातून निघालो आणि खंडवा, अकोला, सुरत, नाशिक फिरत राहिलो. घरी यायचो ते फक्त ताप भरला की. लहानपणी सांधे सुजून जो ताप यायचा, त्यानंच झडप खाल्ली म्हणतात डॉक्टर. शंभरातले चार-पाच टेबलावरून उठत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. आमचा ढोलकवाला प्रशांत शेजारीच बसला होता. म्हणाला, "म्हणजे पंच्याण्णव टक्के पास बे!" मला नववीत पस्तीस पडले नव्हते.

कलम २. वडिलांची पेटी गावच्या भजनी मंडळाकडेच राहावी. तिची काळी दोन अडकते, अंगठ्यानं खालून उचलावी लागते. वडील भजनात मधेच अंगठा घालायचे आणि लोक माना डोलवायचे, वा उखर्डूभाऊ, काय जागा घेतली! त्यांनी शिकवलेली एक गोष्ट आहे, तीही मालमत्ताच धरावी. लोक गाणं ओळखतात ते शब्दावरून नाही, शब्दाच्या आधी जे चार सूर येतात त्यावरून, आणि ते चार सूर पेटीवाल्याचे असतात. वरातीत मी हे रोज पाहिलं. चार सूर पडले की नवरदेवाचे मामा नाचायला खिशातून रुमाल काढतात. गाणं अजून सुरूच झालेलं नसतं.

कलम ३. माझा बेंजो, म्हणजे टाईपरायटरसारखी बटणं असलेला तारांचा. अकोल्याच्या पार्टीत दोन वर्षं वाजवला, बोटांना अजून घट्टे आहेत. तो प्रशांतला द्यायचा होता. पण एक नंबरचा साक्षीदार तोच. विचारलं, तुला बेंजो पाहिजे का सही करतो? म्हणाला, "सही करतो बे. बेंजो तू वापस आला का तुझ्यासमोर ढापतो." म्हणून बेंजो खुंटीवरच राहील, कोणाला दिलेला नाही.

पियानोचं सांगायचं राहिलं. तो माझ्या मालमत्तेत नाही. नाशिकला एका हॉटेलात लग्नाचे स्पीकर उचलायला गेलो होतो, तिथं कोपऱ्यात खराखुरा उभा होता. आई म्हणते, पिच्चरमध्ये हिरो पार्टीत पियानोवर बसला की समजायचं, पोरगी दुसऱ्याच्या घरी चालली. मला तेवढंच माहीत होतं. झाकण उघडं दिसलं म्हणून एक सूर दाबला. पट्टी जड लागली. हळू दाबली तर हळू बोलला, जोरात दाबली तर जोरात. आवाज बदलायचं बटण शोधलं, तर नव्हतंच. वॉचमन धावत आला, "ए, हात मत लगा!" मी म्हटलं, भाऊ, यात बासरी कुठून निघते? तो माझ्याकडे बघतच राहिला.

माझ्या कीबोर्डात सहाशे आवाज आहेत. बासरी, व्हायोलिन, ट्रम्पेट, त्या पियानोचासुद्धा. त्याचा स्वतःचा असा एकही नाही. आणि एक तर मी चोरून भरलेला आहे. तेच पुढचं कलम.

दोन वाजता भाईदासभाऊंचा फोन आला. भाईदासभाऊ म्हणजे आमच्या बँड पार्टीचे मालक.

"ललित, रविवारी आखाजीची (अक्षय तृतीयेची) वरात आहे, पार्टी मोठी आहे. तुझा कीबोर्ड घ्यायला लोडिंग रिक्षा आणतो साडेतीनला. रावेरचा पोरगा वाजवील."

"भाऊ, तो देणार नाही म्हटलं होतं मी."

"अरे यार, पडून राहील ना! आणि हे बघ, देव न करो, पण काही कमी-जास्त झालं तर तो सनईचा पेनड्राईव्ह कुणाच्या हाती लागेल? माझ्यापाशी सेफ राहील. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ म्हणतात, आणि माझ्या गळ्यातली शीर मला कानात ऐकू येऊन राहिली आहे.

कलम ४. हे नीट वाचावं. राजघाटावर राहणारे चुडामण काका चाळीस वर्षं भाईदासभाऊंच्या आणि त्याआधी त्यांच्या वडिलांच्या बँडमध्ये सनई वाजवत होते. आमच्या धंद्यात कीबोर्डवाले एकमेकांना टोन देतात, म्हणजे खऱ्या वाद्याचा एकेक सूर भरून घ्यायचा, मशीनमध्ये टाकायचा, मग ते वाद्य बोटाखाली येतं. पेनड्राईव्हवर त्याची अदलाबदल चालते. कंपनीनं मशीनमध्ये भरलेली सनई म्हणजे मच्छर. मला खरी पाहिजे होती. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, सीझन नसताना, मी काकांना खोलीवर बोलावलं. दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या. सा म्हटलं की सा, रे म्हटलं की रे, एकेक सूर चार सेकंद धरायला लावला. काका घामाघूम झाले, पण खूश होते. त्यांनी विचारलं, "कायले पाहिजे रे तुले हे?" मी म्हटलं, "आठवण म्हणून, काका. तुमचा आवाज माझ्यापाशी राहील."

यात खोटा शब्द एकही नव्हता. तरी ते खोटं होतं.

वरचा नी भरायच्या वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली. म्हणाले, आता बस, चहा सांग. मी नंतर ध वरती ताणून नी तयार केला. कोणाला कळलं नाही. दिवाळीनंतर पहिल्या वरातीच्या आधी मी टोन लावला. भाईदासभाऊंनी डोळे मिटून ऐकला आणि काकांकडे वळून म्हणाले, "काका, तुम्ही आता आराम करा." काका माझ्याकडे पाहत होते. मी ठेल्यावर, म्हणजे बँडच्या हातगाडीवर उभा होतो, खाली वाकून वायर शोधत राहिलो. वायर सगळ्या लागलेल्या होत्या.

तेव्हापासून काका राजघाटावर नारळ-अगरबत्ती विकतात. माझ्याशी बोलत नाहीत. वरात त्यांच्या दारावरून जाते तेव्हा त्यांचीच फुंक जाते, ठेल्यावर, जनरेटरवर. बाकीचे सगळे टोन मी वाटले. हा रावेर-खंडव्याच्या पोरांनी कितीदा मागितला, पण कोणाला दिला नाही. याचं श्रेय घेत नाही. माझ्याजवळच राहावा, एवढाच लोभ होता.

सबब, माझा कीबोर्ड, स्टँड, अडॅप्टर आणि तो पेनड्राईव्ह (निळा, दोरा बांधलेला) चुडामण काकांना द्यावा. त्यांनी वाजवावा, विकावा, तापीत टाकावा, त्यांची मर्जी. दुसऱ्या कोणी त्यावर हात ठेवू नये. निशाला आजच राजघाटावर पाठवलं आहे, काकांनी इथं येऊन हे कलम माझ्या डोळ्यांदेखत वाचावं म्हणून. येतील का माहीत नाही. दुसरे साक्षीदार म्हणून घरमालक वामन सर येणार आहेत. काकांना साक्षीदार करता येत नाही, ते कलम तीनमध्ये आलंच.

कलम ५. भाईदासभाऊंना माझ्याकडून काही नाही. लाल कोट त्यांचाच आहे, तो धुऊन परत द्यावा. खांद्याची सोनेरी झालर मी मागेच काढून ठेवली आहे, मानेला टोचायची.

कलम ६. माझं बरंवाईट झालं तर बँड लावू नये. लोकांनी फारच धरलं तर ढोलक चालेल. कीबोर्ड नको, आणि सनई मशीनमधली तर नकोच.

कलम ७. हे सगळं पार पाडायचं काम निशाचं. ती भांडण्यात माझ्यापेक्षा पक्की आहे.

तीन वाजून पाच मिनिटं. इथं खाली सही करून थांबायचं होतं, पण वामन सरांचा फोन आला. "ललित, वाईट वाटून घेऊ नको. घरात म्हणतात, एवढ्या लहान पोराच्या अशा कागदावर नाव घालू नका. अपशकुन होतो." म्हणजे दुसरा साक्षीदार नाही. प्रशांत गल्लीत पाहून आला, पानवाला म्हणाला ऑपरेशन झाल्यावर ये, तेव्हा सही देतो!

तीन पंधरा. निशा आली. मागून काका आले. आत शिरताना त्यांनी दारावरच्या खिळ्यांकडे पाहिलं, गोधड्या टांगायला ठोकले होते ते. मग खाटेवर बसले. मी कागद हातात दिला. ते बोट ठेवून ठेवून वाचायला लागले. चौथ्या कलमावर बोट फार वेळ थांबलं. मी हे उरलेल्या पानावर लिहून राहिलो आहे, कारण त्यांच्याकडे बघवत नाही.

तेवढ्यात खाली रिक्षा लागली. भाईदासभाऊ वर आले, काकांना पाहून जरा थबकले.

"अरे वा, काका पण इथं! ललित, चल, कुठं आहे मशीन? पोरं खाली उभी आहेत."

निशा कीबोर्डच्या पेटाऱ्यावर जाऊन बसली. "भाऊ, मला उचलून न्या आधी."

"निशा, मस्करीची वेळ नाही. तेरवा वरात आहे, मला सनई पाहिजे!"

काकांनी मान वर केली नाही. बोट कागदावरच होतं. "सनई पाह्यजे ना तुले, भाईदास? मी येतो आखाजीले."

"काका, तीन तासांची वरात आहे. दम निघेल का?"

"नाही निघाला तं मोबाईलवर लावजो. आता जाय. पोराले बस पकडायची आहे."

भाईदासभाऊ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, पेटाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रविवारी सहाला या मग काका. साफा मी देतो." आणि जिना उतरले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, हेही लिहितो, कारण ठेवला.

काका मला म्हणाले, "तू लिहिलं का वरचा नी कोणाले कळला नाही."

"हो काका."

"तीन वर्षं मले दुसरं काही ऐकूच येत नाही. वरात येते, सा माझा, रे माझा, ध माझा, आन वरचा नी आला का दात आंबतात. लोक काय म्हणतात माहीत आहे? चुडामण्याची सनई आता बेसूर झाली म्हणतात. नोकरी गेली तं गेली. हे कायले केलं रे?"

मी त्यांचं बोलणं होतं तसं इथं उतरवून घेतलं.

तीन पस्तीस. प्रशांत म्हणाला, दुसरी सही राहिली, आता कुठून आणायची? काकांनी पेन मागितला. मी म्हटलं, काका, तुम्ही नाही करू शकत. तुम्ही सही केली तर कलम चार पडतं, कीबोर्ड तुम्हाला मिळणार नाही.

"वाचलं मी. तीनदा वाचलं."

"मग?"

"मग पडू दे. मले तुझी मशीन नको. तू वापस ये, गोधड्या टांग, आन तो नी भरून घे. तोवर ते कोणाच्या नावानं करायचं नाही."

तेव्हा कलम ४ काकांच्या इच्छेनं पडलं असं समजावं. कीबोर्ड आणि पेनड्राईव्ह आज कोणालाच दिलेले नाहीत. मी परत येईपर्यंत निशा पेटाऱ्यावर बसून राहील. परत आलो नाही तर काय, ते लिहायला गेलो होतो, पण काकांनी कागद ओढून घेतला.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. मी दोन्ही साक्षीदारांसमोर आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. तीन पन्नास झालेत, प्रशांत बॅग घेऊन खाली उतरला आहे.

ठिकाण: बुधवारा, बुऱ्हाणपूर
तारीख: १६ एप्रिल २०२६, गुरुवार

लिहून देणार:
ललित उखर्डू महाजन (सही)

साक्षीदार १:
प्रशांत सोनवणे (सही)
धंदा: ढोलक वाजवणे

साक्षीदार २:
चुडामण धोंडू वाघ (सही)
धंदा: सनई वाजवणे
(इथं आधी प्रशांतनं नारळ-अगरबत्ती विक्री लिहिलं होतं. खोडलं ते मी खोडलं. चुडामण.)