दादाचा घास

वच्छलाबाई, स्वित्झर्लंडहून तुमच्या शकुनवहिनीचा रामराम.

हो हो, पोचला तुमच्या दादाले घास! फोनवर कितीकदा विचारता?

पण हा काय देश झाला! सूनबाईनं वडे केले, म्या पितरांचं पान बाल्कनीत ठेवलं, त आपला नितेश म्हणे, "आई, उचल, इथं पाखरांले खाऊ घातलं त दंड होते." इथचे कुत्रे गादीवर झोपतात, अन् माह्या मालकाच्या घासाले दंड? तरी "काव काव" वरडत राहिलो. शेजारीण तुमच्यासारखीच डोये वटारून पाहे. कबुतरं आले, कावळ्याचा पत्ता नाही! मंग पान रिकामं झालेलं पाहून नितेश खुश झाला.

अकोटात पाऊस हाय काय? गुडघ्याले तेल लावता ना?

तुमचीच,
शकुन

ता.क. कावळा आलाच नाही, बाई. घास म्याच खाल्ला.