माशांचा उपास

प्रिय कात्सुयुकी,

रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाबांनी या हिवाळ्यात माझ्या नाकी नऊ आणले आहेत. ओजियात बर्फ पडायला लागला की अंगणातल्या तळ्यात खाद्य टाकायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गार पाण्यात माशांना पचत नाही, अन्न पोटातच कुजतं. तळ्यावर फळ्या घालायच्या, झऱ्याची बारीक धार चालू ठेवायची आणि वसंत येईपर्यंत तिकडे ढुंकून बघायचं नाही. हे आपल्याला शिकवलं कुणी? बाबांनीच. लहानपणी तू भाताची शितं टाकलीस तेव्हा तुझा कान कसा पिळला होता!

आणि आता तेच रोज सकाळी एक फळी सरकवतात, दोनदा टाळी वाजवतात आणि मूठभर खाद्य टाकतात. मासे बिचारे तळाशी गपगार. एखादा कसाबसा वर येतो, बाकीचं खाद्य खाली बसून पाणी नासवतं. मी डबा लपवला, तर आपल्या वाडग्यातल्या शेवया तोडून टाकल्या! शेजारचे सेकी कुंपणावरून विचारतात, "काय हिसाए, तुमच्याकडे लग्न आहे का? आमच्या माशांनाही बोलवा की." मी हसून वेळ मारून नेते, पण आतून नुसती जळत असते. म्हातारचळ म्हणावा, तर माझ्या आमटीत परवा मीठ कमी होतं हे बरं लक्षात राहतं त्यांच्या.

गुरुवारी आईची लाडकी पिवळी मासोळी गेली. फळीखाली उलटी तरंगत होती. आई गेल्यापासून मी तिला जिवापाड जपलं होतं रे. मग मात्र माझा तोल सुटला. "बाबा, तुम्ही मारलंत तिला," असं तोंडावर म्हणाले. त्यांनी बर्फ खणून तिला अलुबुखाराच्या झाडाखाली पुरलं, आत आले आणि हात शेकत बसले.

काल मी पुन्हा विचारलं, का करता असं? तेव्हा म्हणाले, "रविवारी कात्सु फोनवर विचारतो ना, मासे खातात का म्हणून. नाही म्हटलं की तो 'बरं, जपा' म्हणतो आणि ठेवतो. खातात म्हटलं की कोण वर आलं, किती खाल्लं, सगळं विचारतो. खोटं कसं सांगू त्याला?"

रविवारी मी शेवयांच्या दुकानात कामाला असते, मला काय ठाऊक तुमचं काय बोलणं होतं! मी रोज समोर असते, माझ्याशी दोन शब्द नाहीत, आणि तुझ्या चार मिनिटांसाठी आईची पिवळी घालवली. तुझाही राग आला, त्यांचाही आला. मग रात्रभर वाईट वाटत राहिलं.

आज मी फळ्या खिळे ठोकून बंद केल्या आहेत. आता येत्या रविवारी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल, म्हणून हे पत्र. माशांचं नाव काढू नकोस. काही सुचलं नाही तर ताई फार छळते का, एवढं विचार. तासभर बोलतील. तू फक्त फोन ठेवू नकोस.

तुझीच, चिडकी
हिसाएताई