गिअरचं तेल कोणी तापवलं

चैत्र शुद्ध द्वादशी, बुधवार. वाशीम.

तीन दिवस एकच शास्त्रार्थ: माझी बायको सुनंदा हिच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला गिअरच्या तेलासाठी वेगळा कूलर लागतो की नाही? मेहुणे म्हणतात लागतोच, शेजारी म्हणतात थोतांड. धड उत्तर एकाकडेही नाही. डोकं गाडीपेक्षा जास्त तापलंय. बरं, प्रश्न गमतीचाही नाही. तिच्या डाव्या पायानं क्लच दाबला जात नाही. ही बिनक्लचची गाडी आहे म्हणून ती किन्हीराजाच्या शाळेत शिकवायला एकटी जाते, कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही.

रामनवमीला पोहरादेवीच्या गर्दीत गाडी मी नेली होती. परतताना गिअर अडखळायला लागले, जळका वास आला. पण तापमानाचा काटा मध्यावरच होता! हे आज गॅरेजात, सुनंदासमोर, मिस्त्रीला मी दोनदा बजावलं.

"काका, तो काटा इंजिनाच्या पाण्याचा हाये. गिअरच्या तेलाले काटाच नाही." मग तो सुनंदाकडे वळला. "ताई, चढावर गाडी कशी थांबवता?"

"ब्रेकवर. आणखी कशी?"

मी मात्र ब्रेक न लावता रेस देऊन धरतो. क्लचच्या गाडीपासूनची खोड. त्या दिवशी गर्दीत चढावर तासभर तेच केलं. काटा मध्यावर होता ना!

"रेसवर धरली का गिअरचं तेल तापते," मिस्त्री म्हणाला, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तेल बदलून देतो. ताई, तुमीच चालवसान तं कूलर कायले पायजे? काका चालवतीन तं लावाच."

मला वाटलं, सुनंदा म्हणेल, लावा. पंचवीस वर्षांचा संसार आहे.

"मग राहू द्या," म्हणाली, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.