महबूबभाईच्या हातचा चहा

रविवार, १ फेब्रुवारी २००९

लायटर! एवढासा लायटर — पँटच्या खिशात राहिला आणि मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या गेटवर सापडला. रिफायनरीत काडेपेटी किंवा लायटर नेणं म्हणजे खुनाच्या खालोखालचा गुन्हा. सेफ्टीवाल्याने सगळ्यांदेखत माझे खिसे उलटे केले. बसमधली माणसं खिडकीला नाकं लावून बघत होती. वॉर्निंग लेटर मिळालं. पुन्हा सापडलास तर थेट घरचं विमान, म्हणाला.

रोज तपासत नाहीत. आजच कसे तपासले? कोणीतरी सांगितलं असणार.

घरी बायकोला, मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, "बरंच झालं. आता तरी सोडा सिगरेट." घ्या! इथे नोकरी जायची वेळ आणि हिला सोहळा.

बुधवार, ४ फेब्रुवारी

तुकारामने विजेवरची सिगरेट आणून दिली. तुकाराम म्हणजे आमच्या खोलीतला तिसरा — देवरुखचा, पाइपफिटर, तोंडाने फाटका. दुबईहून कोणी आलं, त्याच्याकडून मिळवली. ओढली की टोकाला निळा दिवा लागतो आणि वाफ येते. राख नाही, वास नाही. डबीवर सगळी चिनी अक्षरं.

"आत काय भरलंय?" मी विचारलं.

"निकोटिन हाय. ओढ गुमान."

याला चिनी कधीपासून यायला लागलं?

तरी ओढली. छातीला काहीच लागत नाही, नुसतं भिजलेलं फडकं चोखल्यासारखं वाटतं. पण उरलेली खरी पाकिटं बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे वॉचमनला, देऊन टाकली. आता मागायला गेलो तर अब्रू जाईल, म्हणून दिली.

रविवार, ८ फेब्रुवारी

निभतंय! कामावर काही नाही, खोलीवर आलं की निळा दिवा. माझ्यासारखा दिवसभर धूर काढणारा माणूस — स्वतःचाच विश्वास बसत नाही.

रात्रीची गोळी चालू आहे. ती व्हिटॅमिनच्या बाटलीत भरलेली असते. मुक्ताचं डोकं! गेल्या महिन्यात आमच्या खोलीतला महबूबभाई सुट्टीवरून परत आला, त्याच्या सामानात तिने कुळथाचं पीठ, कोकमं आणि ही बाटली घातली. कोणाला पत्ता नाही, आणि लागताही कामा नये. कंपनीला कळलं की मेडिकल, अनफिट, व्हिसा खल्लास.

लग्नानंतर लगेच ते दुखणं आलं होतं. भावजय भातात काहीतरी कालवते, असं मला वाटायचं. जेवण सोडलं होतं मी. भातात काही नव्हतं. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "संशय हाच तुमचा आजार. गोळी सोडायची नाही." सोडलेली नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

बसमध्ये झोपलो. सगळे उतरले आणि मी बसबरोबर थेट पार्किंगच्या मैदानात! ड्रायव्हरने हलवून उठवलं. जीभ जड झाली होती, धड बोलता येईना. सकाळी उशीही लाळेने भिजलेली असते. ही कसली झोप?

बुधवार, १८ फेब्रुवारी

ती निळी चिनी बया असणार, दुसरं कोण? दोन दिवस हात लावला नाही. डोकं फुटायची वेळ आली, तुकारामवर उगाच खेकसलो. आणि झोप? जशीच्या तशी. ती नव्हे तर मग. पुन्हा ओढायला घेतली.

मग काय आहे? बाहेरचं मी काहीच खात नाही. जेवण तिघांचं एकाच पातेल्यात होतं. वेगळा फक्त सकाळचा चहा. महबूबभाई नमाजाला सगळ्यांच्या आधी उठतो, म्हणून चहा त्याच्याकडे. तुकाराम बिनसाखरेचा पितो, महबूबभाई काळा. दुधाचा गोड चहा एकट्या माझा.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज सुट्टी. अंघोळ करून आलो तर महबूबभाई माझ्या कपाटापाशी उभा. हातात माझी बाटली!

"ढाकण उघडा होता रे, बंद केला," म्हणाला.

झाकण उघडं नव्हतं. मी कधीच ठेवत नाही. खोलीत कोणी कपाटाला कुलूप लावत नाही, तशी पद्धतच नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या बाटल्या उघडायच्या?

हर्णैचा माणूस, क्रेनवर बसतो. मी नवीन आलो तेव्हा यानेच मला झोपायला गादी दिली होती. सरकारी हापिसातल्या अरबी बाबूंपुढे माझ्यासाठी भांडला होता. लोक म्हणतात, महबूब म्हणजे देवमाणूस. मीही म्हणायचो.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

तुकारामने बातमी आणली. मला वर चढवू नका, खालचीच कामं द्या, असं महबूबभाई फोरमनला सांगून आला! याला कोणी विचारलं होतं? मी इन्स्ट्रुमेंटवाला. माझे गेज, प्रेशरचे काटे, वरच असतात. वर चढलो नाही तर मी कशाला हवा?

मग आठवलं. याचा मेहुणा अफताब. फरवानियात बसून आहे, माझ्याच कामातला, जागा मिळत नाही म्हणून रडतोय. आता कळलं! माणूस पेंगतो, चुकतो, घरी जातो. जागा रिकामी.

बाथरूममध्ये फोनवर हळू बोलत असतो. मी आलो की, "बरा, नंतर करतंय," आणि फोन बंद.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

महबूबभाई पहाटेच नातेवाइकांकडे फरवानियाला गेला. चहा मी माझ्या हाताने केला. आणि दिवसभर टवटवीत! कपडे धुतले, बाजार केला, तुकारामला पत्त्यांत हरवलं. काल गोळी घ्यायचीच राहून गेली होती, झोपही धड झाली नाही, तरी ही तऱ्हा! याहून पुरावा काय हवा?

सोमवार, २ मार्च

आणि हा आजारच असला तर?

दिवसभर हाच भुंगा. भावजयीच्या भाताचंही असंच पटलं होतं मला. पुरावे तेव्हाही होते! सगळं कसं एकाला एक जुळत होतं. दुखणं परत आलं असेल तर महबूबभाईचा काही दोष नाही, दोष माझ्या डोक्याचा. आणि आजार नसेल तर तो मला रोज सकाळी हसत हसत औषध पाजतोय. दोन्हींतलं कुठलं बरं, तेच कळेना. खरं सांगायचं तर त्याने औषध घातलेलंच बरं वाटतं. म्हणजे मी तरी शहाणा ठरतो.

मुक्ताला विचारावं तर ती घाबरेल. आजपासून गोळी दीड घेतो. आजार असेल तर दबेल.

बुधवार, ४ मार्च

वाचलो.

फोरमनने महबूबभाईचं ऐकलं नव्हतं; उंच पाइपरॅकवर गेज काढत होतो. डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आला आणि हात सुटला. बेल्ट लावलेला होता म्हणून लटकलो, नाहीतर आज हे लिहायला नसतो. खाली महबूबभाईची क्रेन. तो केबिनमधून उडी मारून धावत आला. चेहरा पांढराफटक. "सुयोग! सुयोग रे!" ओरडत होता. मला वाटलं, नाटक.

संध्याकाळी कॅम्प बॉस अशरफच्या ऑफिसात गेलो. अशरफ इजिप्तचा, पण हिंदी आखाती वळणाची, धडाधड. एका दमात सगळं सांगितलं. चहात काहीतरी घालतो, म्हटलं.

"यह बड़ा बात है," तो म्हणाला. "मालूम करना सिंपल. संडे क्लिनिक जाओ, ब्लड देगा. ब्लड झूठ नहीं बोलता."

"हो, हो, घ्या रक्त!" म्हटलं. जिना उतरताना लक्षात आलं. रक्तात माझी गोळीपण सापडेल!

काय करून बसलो मी.

शुक्रवार, ६ मार्च

तक्रार केली हे महबूबभाईला कळलं. अशरफने त्याला बोलावलं होतं. मला वाटलं, आता भांडेल, आई-बहीण काढेल. तसं काही नाही. सकाळी एवढंच म्हणाला, "आजपासून च्या तुझी तू कर हां भावा. रागाने नाय सांगत."

रागाने नाही तर कशाने सांगतोस मग?

तुकाराम माझ्याशी बोलत नाही. त्याने चादर झटकून मुद्दाम माझ्या अंगावर धूळ उडवली. महबूबभाई दुपारभर गच्चीवर फोनवर होता. कोणाशी एवढं?

रविवारी रक्त. आजारी म्हणून सांगू? पळून जाऊ? कुठे? पासपोर्ट कंपनीत.

शनिवार, ७ मार्च

कबूल! त्याने कबूल केलं!

अशरफने बोलावून सांगितलं, "महबूब बोला, हाँ, मैंने खाँसी का दवाई डाला, मज़ाक में. टेस्ट कैन्सल. अब महबूब खल्लास, घर." तो गेलासुद्धा. गादी गुंडाळून शुवैखच्या गोदामावरच्या खोलीत. कागद होईपर्यंत तिथे, मग विमान. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

मी खोलीवर येऊन ढसाढसा रडलो. आनंदाने! मी वेडा नाही! संशय खरा होता, डोकं जागेवर आहे. टेस्टही टळली. मुक्ताला लगेच फोन लावला. मला वाटलं, सुटकेचा श्वास टाकेल. "ऐकतेयस ना?" म्हटलं, तर, "हो. जेवून घ्या," म्हणाली.

आता गोळीही परत एकच.

गुरुवार, १२ मार्च

आज पुन्हा बसमध्ये झोपलो.

चहा माझा मी करतो. साखर माझी, दूध मीच बकाल्यातून, खालच्या वाण्याच्या दुकानातून, आणतो. खोलीत महबूबभाई नाही. आणि जीभ तशीच जड, उशी तशीच ओली. मग आता कोण? तुकाराम? क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिलो — मग स्वतःचीच भीती वाटली. आज तुकाराम, उद्या पाण्याचा नळ, परवा हवा. संशयाला अंत नाही.

उद्या रत्नागिरीला डॉक्टरांना फोन करणार. जे व्हायचं ते होवो.

शुक्रवार, १३ मार्च

डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं? "सिगरेट सोडलीत का?"

म्हटलं, "हो, पण त्याचा काय संबंध? विजेवरची ओढतो. निकोटिन चालूच आहे."

"निकोटिनचा नाही, धुराचा संबंध. धूर अंगात जात होता तोवर तुमचं शरीर ही गोळी झपाट्याने संपवत होतं, म्हणून तुम्हाला डोस मोठा लागायचा. धूर थांबला. आता तोच डोस अंगात साचून राहतोय. झोप येणारच! मला न सांगता सोडलीत कशी?"

"चांगलीच गोष्ट केली ना, डॉक्टर?"

"चांगलीच केलीत. पण सांगून करायची. बेल्ट नसता तर?"

मधे दीड घेत होतो, हे सांगितल्यावर ते ओरडलेच माझ्यावर. डोस कमी करून दिला. एकदम बंद करायची नाही, सिगरेटकडे परत जायचं नाही, आणि काही दिवस वर चढायचं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! फोन ठेवला आणि हसलो. दुखणं परत आलेलं नाही. झोप खरी होती. चहात काही नव्हतं.

चहात काही नव्हतं?

मग त्याने कबूल का केलं? न केलेला गुन्हा कोण आपल्या डोक्यावर घेतो? हातातली नोकरी कोण सोडतो? यातही काहीतरी डाव असणार. उद्या मुक्ताला विचारतो, तिच्या डोक्यात येईल काही.

शनिवार, १४ मार्च

मुक्ता आधी रडली. मग म्हणाली, "अहो, बाटलीत काय आहे ते न सांगता दुसऱ्याच्या सामानात घालू का मी? विमानतळावर अडकले असते ते. महबूबभाईंना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. मीच म्हटलं होतं, लक्ष ठेवा, गोळी घेतात का बघा. टेस्टचं ठरलं तेव्हा त्यांचा फोन आला — वहिनी, रक्त तपासला तर सुयोगची नोकरी जाईल. मी बघतंय काय ते. त्याला नका सांगू."

त्याचं विमान उद्याचं आहे. अशरफ ऑफिसात बसलाय. बाटली घेऊन चाललो. रक्त घ्या, म्हणणार.