जनजीवन पूर्वपदावर

बाई, तुम्हांला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आज सकाळी शाळेतून फोन आला होता. कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेले वर्ग सोमवारी उघडताहेत, त्या दिवशी येऊन पालकांशी चार शब्द बोला, असं नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता सगळं नॉर्मल होतंय मॅडम, लोकही तयार आहेत." मी तब्येतीचं कारण सांगून नाही म्हटलं. तब्येत ठणठणीत आहे. पण 'लोक तयार आहेत' हे ऐकलं आणि आपल्या शाळेचं फाटक डोळ्यांपुढे आलं, आणि तुमच्या कपाळातून वाहणारं रक्त.

चौऱ्याण्णव साली सुरतेकडून प्लेगच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा तुम्ही मुख्याध्यापिका होतात आणि मला तुमच्या हाताखाली लागून दुसरंच वर्ष होतं. पनवेलात कुणाला काही झालेलं नव्हतं, पण बाजारात माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरत होती, औषधाच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन गायब झालं होतं, आणि गटारात मेलेला उंदीर दिसला तरी अख्खी आळी दारं लावून घ्यायची. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील ट्रक चालवायचे, जासईच्या गोदामांतून माल भरून सुरतेला न्यायचे. ते तिकडून परतले ते खोकतच. डॉक्टरांनी तपासून साधा खोकला असल्याची चिठ्ठी दिली होती. तुम्ही ती स्वतः वाचली होती. साथीच्या भीतीनं शाळा बंद झाली त्या दिवशी सात-आठ पालक व्हरांड्यात आले. तुम्ही नगरपालिकेत गेला होतात. "तो ड्रायव्हर राहतो कुठे?" त्यांच्यातल्या एका उंच माणसानं विचारलं. त्याचा मुलगाही माझ्याच वर्गात होता. त्याच्या हातात नळाच्या पाइपाचा तुकडा होता आणि मी तो पाहिला होता, बाई. तरी मी सांगितलं: तळ्यामागची चाळ, शेवटची खोली. एकदा त्या मुलीला ताप आला म्हणून घरी पोचवायला गेले होते, तेव्हापासून मला ठाऊक होतं.

तासाभरानं मुलीची आजी शाळेत धावत आली. पदर खांद्यावरून ओघळलेला, ओठ फुटलेला. "बाई, आमी काय केलं ओ? डाक्तरची चिठ्ठी दाखवली तर ती फाडली. माझा पोर हाय तो, उंदीर नाय." तुम्ही नुकत्याच परतला होतात. छत्री, पर्स, सगळं टाकून तुम्ही निघालात आणि मी तुमच्या मागे. चाळीच्या नळापाशी मुलीचे वडील पडले होते. पाइपांनी, स्टंपांनी मारलं होतं. डावा डोळा जागेवर नव्हता. बाजूला रॉकेल ओतून पेटवलेल्या गाद्या धुमसत होत्या, त्यात मुलीचं दप्तर. खिडक्यांतून माणसं बघत होती, पण हात लावायला एकही पुढे येत नव्हता. रिक्षावाल्यानं तर रिक्षा वळवून पळ काढला. शेवटी तुम्ही भाजीवाल्याची हातगाडी ओढून आणली, आपण तिघींनी त्यांना तिच्यावर चढवलं आणि ढकलत दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी उभी आहे. तुम्ही मोरीत बसून साडीवरचे डाग चोळताय. मी सांगते की पत्ता मी दिला. तुमचे हात थांबतात. "पाइप पाहिला होतास?" "हो." "मग मारणाऱ्यांत तूही आहेस," असं म्हणून तुम्ही पुन्हा चोळायला लागता. मग, मागे न बघता, म्हणता, "शाळा उघडली की रोज हजेरीत पहिलं नाव त्या मुलीचं घ्यायचं. वर्षभर." मला वाटलं होतं तुम्ही नोकरीवरून काढाल. काढलं असतंत तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी साथीची भीती ओसरली. जनजीवन पूर्वपदावर, असं वर्तमानपत्रानं छापलं. शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही मुलीचा हात धरून चालत आलात. फाटकाशी पन्नासेक माणसं उभी होती. "हिला आत घ्याल तर आमची पोरं घरी नेऊ," तो उंच माणूस म्हणाला. तुम्ही म्हणालात, "न्या." कुणीतरी मुलीच्या वेणीला हिसडा दिला, ती पडली, आणि तिला उठवायला तुम्ही वाकलात तोच विटेचा तुकडा तुमच्या कपाळावर बसला. नंतर जे झालं त्याबद्दल तुम्ही पुढे कधी अवाक्षर काढलं नाहीत. घंटा वाजवायचा लोखंडी टोला शिपाईकाकांच्या हातात होता. तो हिसकावून तुम्ही त्या माणसाच्या मनगटावर मारलात. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर बसला तरी तुमचा हात पुन्हा वर गेला होता. शिपाईकाकांनी तुम्हांला कवेत धरलं नसतं तर दुसरा घाव त्याच्या डोक्यातच बसला असता. गर्दी मागे हटली. तुमच्या नाकावरून रक्त ओघळत होतं, आणि त्याच टोल्यानं तुम्ही घंटा दिलीत. मुलं रांगेत उभी राहिली. प्रार्थना झाली. पहिलं नाव तिचं घेतलं. तिनं "हजर" म्हटलं ते मला ऐकूसुद्धा आलं नाही.

दोन दिवसांनी तो माणूस प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आपल्या मुलाला सोडून गेला. तुम्ही त्याला नमस्कार केलात, त्यानंही केला. पोलिसांत तो गेला नाही, तुम्हीही गेला नाहीत. पण त्या मुलीच्या बाकावर कुणी बसलं नाही. डोळा गेलेल्या माणसाला ट्रक कोण देणार? दिवाळीच्या सुट्टीत ते कुटुंब पनवेल सोडून गेलं. कुठे, ते चाळीत कुणी विचारलंही नाही. "नाव चालू ठेव," तुम्ही मला म्हणालात. मग मी रोज ते नाव घ्यायची आणि वर्ग गप्प बसायचा. चाळीस मुलं फळ्याकडे बघत राहायची. एकदा एकानं विचारलं, "बाई, ती मेली का?" मी त्याला उभं केलं आणि कानफटात मारली. आयुष्यात मुलावर उचललेला तो माझा एकच हात.

संक्रांतीनंतर तुम्ही तापानं आठवडाभर रजेवर होतात, आठवतं? परत आलात तेव्हा हजेरीत तिच्या नावावर लाल रेघ होती आणि पुढे 'शाळा सोडली' असा शेरा. कारकुनानं परस्पर मारली, असं मी तुम्हांला सांगितलं. तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत आणि तो बिचारा बघत राहिला. बाई, ती रेघ मी मारली होती. त्या सकाळी मी थेट दुसऱ्या नावापासून सुरुवात केली, मुलं भराभर "हजर, हजर" म्हणत गेली, मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि कित्येक महिन्यांनी मलाही वर्गात मोकळं वाटलं. हे तुम्ही असतात तरी तुम्हांला कळवायचं धाडस मला झालं नसतं.