बायकांच्या मागून

आई,

आज सकाळी दोघं जण आले होते. मी पोळ्या लाटत होते. एकाने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, दुसऱ्याने आत येऊन काढल्या, आणि दोघंही सोफ्यावर असे टेकले की उठायची घाई कुणालाच नाही. ‘काकू, ही तर तुमच्या आईंची गल्ली,’ त्यांतला मोठा म्हणाला. तू गेलीस तेव्हा तो बालवाडीतही गेला नसेल. त्याने तुला पाहिलेलं नाही, तुझं नाव त्याला ठाऊक नाही, पण गल्ली तुझी आहे एवढं कुणीतरी त्याला पढवून पाठवलं होतं. मी सवयीने हो ला हो करत चहा टाकला. मग तो म्हणाला, ‘या निवडणुकीला तुम्हाला त्रास नाही देणार. गुडघे दुखतात तुमचे, साहेबांना माहीत आहे. तुमच्या मुलीला पाठवा ना. घरोघर चिठ्ठ्या, मोबाइलवर ग्रुप, बायकांशी बोलणं, तिला सहज जमेल. तुमच्या घरात ते आहेच.’ मी म्हटलं, उद्या सांगते. ते गेल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला या गल्लीतून मोकळं ठेवायचं असं मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. उद्या त्यांना नाही कसं म्हणायचं, हे विचारायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. पण तुलाही ते कधी म्हणता आलं नाही, म्हणून थोडा रागही आहे.

बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते. नगरपालिकेच्या शाळेत तुला शिपायाची नोकरी लावून दिली ती पक्षाच्या त्या वेळच्या पुढाऱ्यांनी. त्यांनी बदल्यात काही मागितलं नाही, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस. मागायची गरजच नव्हती. पुढच्या निवडणुकीला त्यांचा माणूस मतदारांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा तू आधीच पदर खोचून तयार होतीस. शाळा सुटली की तू मला घेऊन निघायचीस. कोणत्या घरी कोण आजारी, कुणाची सून माहेरी गेलीय, कोण नवऱ्याला विचारल्याशिवाय बोलणार नाही, हे सगळं तुला पाठ. पाणी पुढे केलं की तू तहान नसली तरी दोन घोट घ्यायचीस. पाणी नाकारलं की माणूस परका होतो, म्हणायचीस. आणि मतदानाच्या दिवशी बायकांना केंद्रावर नेताना तू कधीच पुढे नसायचीस. सगळ्यांच्या मागून चालायचीस. पुढे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही, कोण गळालं, कोण वाटेत दुसऱ्याच्या टेबलाशी थांबलं, हे मागच्यालाच कळतं. मला तेव्हा वाटायचं, तू दमतेस म्हणून मागे राहतेस.

संक्रांतीनंतरचा एक दिवस मात्र मी विसरत नाही. पुढाऱ्यांच्या घरी हळदीकुंकू आहे. रथसप्तमीपर्यंत ती चालतातच, आणि निवडणूक जवळ असली की जरा जास्तच. आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना तू घेऊन आली आहेस, प्रत्येकीला निरोप देऊन, प्रत्येकीच्या दारात उभी राहून. बायका पुढच्या दाराने आत जातात. तू घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात जातेस. मी तुझ्या मागे. आत मोठ्या पातेल्यात मसाला दूध उकळतंय, तू डाव हातात घेतेस आणि ढवळायला लागतेस. बाहेर अत्तर लावलं जातंय, वाण दिलं जातंय, हसणं ऐकू येतंय. मी विचारते, आई, तू बाहेर का नाही बसत? मला कारण समजण्याएवढं वय होतं, तरी विचारलं. तू डाव न थांबवता म्हणालीस, ‘आपण बसायला आलेलो नाही. बसवायला आलोय. आणि पुन्हा हे इथे बोललीस तर घरी पाठवीन.’ तुझा आवाज इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता. निघताना यजमानीणबाईंनी तिळगूळ तुझ्या हातात दिला, कुंकू नाही. आता विधवांनाही बोलावतात, आई. मतं मोजायची असली की बोलावतात.

निकालाच्या दिवशी तू शाळेतून येऊन पायरीवर बसलीस. गरम पाण्याच्या बादलीत मीठ टाकून त्यात दोन्ही पाय सोडलेस आणि म्हणालीस, ‘आता पाच वर्षं मी माझी.’ मला तो शब्द फार आवडला होता. पुढच्याच महिन्यात त्यांचा माणूस आला, पतपेढीची निवडणूक होती. तू पाय पुसलेस आणि चप्पल शोधायला लागलीस.

तू गेल्यावर वाटलं होतं, संपलं. माझं लग्न तू असतानाच झालं होतं, पनवेलातच, तेही आपल्याच गल्लीत. ह्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान उरण नाक्यावर, आणि तो गाळा भाऊंच्या इमारतीत. भाऊ म्हणजे त्या वेळचे पक्षाचे तालुक्यातले मोठे. जमिनींना भाव आल्यावर मोठे झालेले, बोलायला फार गोड. ज्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचं ठरलं, त्या वर्षी भाऊंना तिकीट हवं होतं. आणि ताईंनाही हवं होतं. ताई म्हणजे त्याच पक्षाच्या जुन्या नगरसेविका. ताईंना तू ओळखतेस. तुझ्या शेवटच्या आजारात सरकारी दवाखान्यात रात्र रात्र तुझ्या उशाशी त्या बसल्या होत्या, कारण मी तेव्हा बाळंतीण होते आणि मला कुणी येऊ देत नव्हतं. एका बाजूला ह्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला तुझ्या उशाशी जागलेल्या ताई. आणि मध्ये मी, तुझ्यानंतर माझ्याकडे आलेली गल्ली घेऊन.

पक्षाने जाहीर केलं, ज्याच्या मागे कार्यकर्ते आणि बायामाणसं जास्त, त्यालाच तिकीट. अलिबागहून निरीक्षक येऊन बघणार. मग काय विचारतेस. त्या थंडीत आपटा गावाकडच्या शेतांवर रोज कुठे ना कुठे पोपटी लागत होती, मडक्यातल्या वालाच्या शेंगांबरोबर पुरुषांची मतंही शिजत होती. बायकांसाठी हळदीकुंकू. निरीक्षक ज्या दिवशी येणार त्याच दिवशी दोघांनीही ठेवलं, भाऊंनी दुपारी चारला, ताईंनी संध्याकाळी सहाला. भाऊ स्वतः दुकानात येऊन बसले. ‘वहिनी, तुमचा मान वेगळा आहे. गल्ली घेऊन या. गाळ्याची काळजी करू नका, मी आहे ना.’ गाळ्याची काळजी मला तोवर नव्हती, तेव्हापासून लागली. ताई घरी आल्या. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, मला नुसतं जवळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘तू येशीलच गं. तुला सांगायला लागतं का?’ मी दोघांनाही हो म्हटलं. ह्यांनी विचारलं, आता कसं करणार? मी म्हटलं, दोन्हीकडे नेते. आधी भाऊंकडे, मग घरी येऊन वाण ठेवायचं, मग ताईंकडे. मला वाटलं होतं, मी फार हुशारी केली.

निरीक्षक भाऊंकडे उशिरा आले आणि ते आल्याशिवाय वाण वाटायचं नाही, असं ठरलेलं. साडेसहा तिथेच वाजले. घरी जायला वेळच उरला नाही. मी म्हटलं, चला, तशाच चला, आणि तलावाच्या कडेने भराभर ताईंच्या घराकडे निघाले. पुढून. आई, मी पुढून चालत होते. मागे बायका काय घेऊन येतायत ते मी एकदाही वळून पाहिलं नाही. ताईंच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, निरीक्षक भाऊंकडून गाडीने आमच्या आधी पोचून पहिल्या रांगेसमोर बसलेले, आणि माझी अख्खी गल्ली आत आली ती प्रत्येकीच्या हातात हिरवी पिशवी घेऊन. पिशवीत स्टीलचा डबा, पिशवीवर हात जोडलेले भाऊ. पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर बायका बसल्या, पिशव्या मांडीवर, फोटो समोर. भाऊ सगळ्या अंगणाला नमस्कार करत होते.

ताईंचा चेहरा मी पाहिला. कोपऱ्यावर मासळी विकणाऱ्या मावशीजवळ जाऊन कुजबुजले, पिशव्या खुर्चीखाली तरी ठेवा. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘खाली कशाला ठेवाची? डबा जाड हाय, कोन घेऊन गेला तर? आमी काय चोरून नाय आनला. त्यानं बोलवला, आमी गेलो. हिनं बोलवला, आमी आलो. कोनाचा वाईट नाय केला.’ आपल्या समोरच्या घरातल्या खाला, त्या कुंकू लावत नाहीत पण माझ्यासाठी दोन्हीकडे आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, ‘बेटी, मी पिशवी ओढणीत घेऊ का?’ आणि घेतलीही. एका पिशवीने काय होणार. निरीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला, रांगेवरून नजर फिरवली आणि ताईंना विचारलं, ‘या बायका नक्की कुणाच्या?’ ताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मला खरंच वाटलं, मी पुढच्या दाराने यायलाच नको होतं, मागून स्वयंपाकघरात जाऊन दूध ढवळत बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले, हसून म्हणाले, ‘वहिनी, आमचा डबा घेऊन तिकडे?’ त्या हसण्याने ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. ताईंकडे मी माफी मागायला गेले तर त्यांनी नुसतं पाणी पुढे केलं. मी ते पाणी प्यायले. दोघांनाही वाटत होतं, मी दुसऱ्याची. मी कुणाचीच नव्हते, आणि हे सांगून पटण्यासारखं नव्हतं. मग तिकीट जाहीर झालं. ना भाऊंना, ना ताईंना. हायवेपलीकडच्या नव्या वसाहतीतल्या एका माणसाला, ज्याला आपल्या गल्लीत कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं, चला, सुटले. आता मला कोण विचारतंय. त्याच संध्याकाळी भाऊ आणि ताई दोघांनी एकाच हाराने त्याचा सत्कार केला आणि दोघांचेही निरोप माझ्याकडे आले, एकाच शब्दांत, उद्या सातपासून गल्ली घ्यायची. भाऊंना गाळ्याची आठवण करून द्यावी लागली नाही. ताईंनाही कसलीच आठवण करून द्यावी लागली नाही. मी सात वाजता निघाले. मावशीने चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, ‘आता यो कोन?’ मी म्हटलं, आपलाच आहे. त्या दिवसापासून मी मागून चालते.

गाळा राहिला नाही, आई. इमारत पाडून टॉवर झाला, ह्यांना पैसे मिळाले आणि दुकान कळंबोलीला गेलं. ताई वारल्या. भाऊ दुसऱ्या पक्षात गेले. मला बांधून ठेवणारी माणसंच उरली नाहीत, तरी मी दर वेळी निघाले. लोकसभा, विधानसभा, नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा पुन्हा. कुणी धरून ठेवलेलं नसताना का जाते, हे मला सांगता येत नाही. तुझी गल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून, की दारात आलेल्याला नाही म्हणायची सवयच लागली नाही म्हणून. कदाचित तूही नोकरीमुळे जात नव्हतीस. तुला विचारायला हवं होतं. त्या पायरीवर तू बादलीत पाय घालून बसली होतीस तेव्हा विचारता आलं असतं, पण मला ते सुचण्याएवढी समज नव्हती. मला तुझ्यावर राग आहे असं वर लिहिलं, ते खरं आहे, आणि तू आत्ता दारात आलीस तर मी आधी तुझे पाय बघीन हेही खरं आहे.

इथवर लिहून मी उठले. ठरवलं होतं की आत जाऊन मुलीला सांगायचं, तू जायचं नाहीस, उद्या ते आले की मीच त्यांना घालवते. ती आरशासमोर केस बांधत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मम्मी, त्यांचा मला मेसेज आलाय. उद्या सकाळी बायकांना घेऊन जायचंय ना? मी जाऊ?’ मी तोंड उघडलं. नको म्हणायचं होतं, आई, तोच शब्द ओठांवर होता. आणि मी म्हटलं, ‘जुन्या चपला घाल. कुणी पाणी दिलं तर घे. आणि पुढून चालू नकोस, सगळ्यांच्या मागून चाल.’ ती हो म्हणाली. का, हे तिने विचारलं नाही, मीही कधी तुला विचारलं नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाही. बादलीत पाणी तापत ठेवलंय, उद्या ती आली की लागेल म्हणून. उद्या लागायचं पाणी मी आजच का तापवलं, कळत नाही. थंड होण्याआधी मीच पाय घालून बसते.